कांदे लावताना ऐकलेली पटकथा

आधीच माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानं देते. चौथी झाली आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले, तेव्हा शुद्धलेखनाच्या वहीत जिथं थांबले तिथंच अजून आहे. संस्थेच्या ताईंनी दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाचं काहीतरी लिहा' म्हणून दोनदा निरोप पाठवला. देईन की नाही ठाऊक नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकते. कागद काही माझ्याकडे बघत नाही, म्हणून लिहून तर ठेवते.

माझं काम पटकथा लिहिण्याचं. हे ऐकून लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. मंचरला बायकांची एक संस्था आहे. ती तेव्हा दहा-दहा मिनिटांच्या फिल्म करायची, बाळंतपण, बचत गट, मजुरी, असल्या विषयांवर. मग टीव्ही आणि प्लेअर जीपमध्ये घालून गावोगावच्या देवळात दाखवायची. त्या फिल्म आधी कागदावर लिहाव्या लागतात. ते लिहिण्याचं काम मी केलं. बाकी वेळ शेतातलं करत होते, ते अजून करते.

शिकले ते एका शिबिरात. सत्त्याण्णव साल असावं. ताई गावात आल्या आणि 'लिहिता येणारी बाई पाहिजे' म्हणाल्या. आमच्या गटात सही करणाऱ्या पुष्कळ होत्या, पण वहीभर लिहिणारी मी एकटी, कारण गटाचं इतिवृत्त मी लिहायचे. मला जीपमध्ये जवळजवळ ढकललंच. शिबिरात आम्ही नऊ बायका आणि शिकवायला पुण्याचे एक सर, पंचविशीचे. ते आम्हाला मावशी म्हणायचे. त्यामुळे आमच्यातल्या दोघी-तिघी त्यांच्यावर पहिल्याच दिवशी रुसल्या.

सरांनी पान मधोमध दुमडायला लावलं. डाव्या बाजूला जे दिसतं ते लिहायचं, उजव्या बाजूला जे ऐकू येतं ते. बाकी काही लिहायचं नाही. एक पान भरलं की साधारण एक मिनिट. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्याच ओळीत लिहिलं, 'ती दुःखी आहे.'

"मावशी, हे कॅमेऱ्याला कसं दिसणार?"

"रडती म्हणा."

"रडणं कुणीही लिहील. तुम्ही दुःखी असता तेव्हा काय करता?"

मी दुमडलेलं पान उलगडून परत दुमडलं. मग म्हटलं, "भांडी घासते."

"आणि घासून झालेली असली तर?"

"तरी घासते."

"मग तेच लिहा," सर म्हणाले. मी डाव्या बाजूला लिहिलं, 'ती घासलेली भांडी परत घासते.' बाजूची बाई वाकून म्हणाली, "एवढंच? ह्ये तर मला बी येतं." तिलाही येत होतंच, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट शिकले ती प्रसंग मांडायची. एकेका प्रसंगाला एकेक पत्ता करायचा, त्यावर कुठं, केव्हा, कोण, काय होतं एवढंच लिहायचं, आणि ते पत्ते जमिनीवर ओळीनं लावायचे. मधला काढून पुढं ठेवला तर गोष्ट बदलते का बघायचं. सरांनी पुण्याहून जाड कागदाचे पत्ते आणले होते, ते दोन दिवसांत संपले. मी घरून लग्नपत्रिका नेल्या. आमच्याकडं उन्हाळ्यात टोपलीभर येतात आणि मागची बाजू कोरी असते. घरी पडवीत मी त्या मांडून बसले की आमचे मालक ओलांडून जाताना म्हणायचे, "आज कुणाकुणाची लग्नं मोडली?"

शिबिर संपताना प्रत्येकीनं एक पटकथा लिहायची होती. त्यातली एक खरोखर काढणार होते. विषय दिला बाईचं आरोग्य. सर म्हणाले, "मनातलं रचू नका. पाहिलेलं, ऐकलेलं लिहा." मी त्यांचं ऐकलं.

आता सुमनचं सांगते. तिचं नाव सुमन नाही. तिला विचारून लिहिते आहे, पण नाव आणि गाव नेमकं लिहीत नाही. महाळुंगे पडवळच्या आसपासचं कुठलंही गाव समजा. सुमन माझ्या सावडीतली. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझ्या रानात, उद्या तिच्या. पैसे द्यायचे नाहीत, दिवसाला दिवस फेडायचा. कांद्याची लागण आम्ही अशीच करायचो. वाफ्यात दोघी शेजारी बसल्या की हात खाली आणि तोंड मोकळं. दिवसभर वाकून बसल्यावर बाई जे बोलते ते ती उभी राहून कधी बोलत नाही.

सुमनला तीन मुली. तिसरीच्या वेळी ती मरता मरता वाचली. त्यानंतर चौथ्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून सासू अनवाणी चालायला लागली. दर सोमवारी देवाला जायची, पायाला भेगा पडल्या तरी चप्पल घालायची नाही. नवराही आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि सुमननं मूल राहू नये म्हणून गुपचूप नर्सबाईकडून तांबी बसवून घेतली होती. दोन वर्षं झाली होती. हे तिनं मला वाफ्यात सांगितलं, माझ्याकडं न बघता. "कळलं तर तिन्ही पोरींसकट म्हायेरी धाडतील. सासूनं दुसरी बघून ठेवलीया, नात्यातलीच हाय."

मी ते लिहिलं. दहा पानं झाली. नाव बदललं, गाव बदललं, तीनच्या दोन मुली केल्या, कांद्याच्या जागी भुईमूग घातला. मला वाटलं, आता कुणाच्या बापाला कळणार नाही. सासू देवाहून येते आणि सून तिच्या पायांना कोकम तेल चोळते, असा एक प्रसंग मी लिहिला होता. दोघी काही बोलत नाहीत. तो वाचून सर उठून बाहेर गेले आणि थोड्या वेळानं आले. माझीच पटकथा निवडली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आनंदानं.

फिल्म दिवाळीनंतर काढली, कॅमेरा सरच चालवायचे. कामं बायकांनीच केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याच गावात पहिल्यांदा दाखवायचं ठरलं. त्याआधी आठ दिवस मंचरला संस्थेच्या खोलीत आम्हा बायकांना दाखवली. त्यात एक हळदीकुंकवाचा प्रसंग होता. बायका त्या सुनेला नाव घ्यायला लावतात. मला लिहिताना उखाणा सुचेना. सुचला तो सुमनचा. मी तोच घातला आणि फक्त नवऱ्याचं नाव बदललं.

बराखीतला कांदा टिकतो वाऱ्यावर,
शंकररावांचं नाव घेते, विश्वास ठेवून साऱ्यांवर.

(बराख म्हणजे कांदा साठवायची चाळ. हाही तिचा खरा नाही. हा मी आत्ता रचला. एकदा चुकले तेवढं पुरे.)

बाहेरच्या माणसाला वाटेल, उखाण्यात काय मोठं? पुस्तकातले उखाणे असतात, ते कुणीही घेतं. पण सुमननं आपला उखाणा लग्नात स्वतः रचला होता, आणि नंतर प्रत्येक बारशाला, प्रत्येक हळदीकुंकवाला तोच घेतला. बाईच्या चालीवरून ती लांबून ओळखू येते तसा तो. गावातल्या पोरीसुद्धा तिची नक्कल करताना तो म्हणायच्या. मला हे ठाऊक होतं. लिहिताना नाव बदललं की झालं असं वाटलं, कारण नवऱ्याचं नाव एवढंच काय ते लपवायचं असतं अशी आम्हाला सवय.

पडद्यावर उखाणा झाला आणि माझ्या शेजारी बसलेली पेठ गावची बाई माझ्या कानाशी हसली. "अगं, ह्यो मी ऐकलाय. तुमच्याच गावात, लग्नाला आले व्हते तवा. उंच बाई व्हती बघ एक. कोण गं ती?"

"सगळ्याच म्हंत्यात," मी म्हटलं.

"न्हाई गं. तिचाच व्हता."

उरलेली फिल्म मी पाहिली नाही. पेठच्या बाईनं एकदा ऐकून ओळखला, तर आमच्या गावाला किती वेळ लागणार होता? सुमनची सासू हळदीकुंकवाला पुढच्या रांगेत बसायची.

सगळ्या गेल्यावर मी ताईंकडे गेले. ताई पन्नाशीच्या, तोंडानं कडक. मी म्हटलं, "ही दाखवू नका."

"का?"

"एका बाईची हाय. खरी."

"मग तेवढा भाग कापू."

उखाणा कापता आला असता. पण मी बसल्या बसल्या मनातल्या मनात पत्ते मांडून पाहिले. उखाणा काढला तरी अनवाणी सासू राहत होती. सासू काढली तर तेल चोळणं जात होतं, आणि गोष्टच उरत नव्हती. एक दोरा सापडल्यावर लोक सगळी गोधडी उसवतात.

"न्हाई ताई. सगळीच नको."

"कोणाची आहे ते सांग. मी बोलते तिच्याशी, समजावते."

"सांगणार न्हाई."

ताई चिडल्या. त्यांचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही. जीप, कॅमेऱ्याचं भाडं, कॅसेट, जोडणी, बायकांची जेवणं, सगळे मिळून तीन हजार तीनशे रुपये गेले होते, आणि ते बाहेरून आलेले पैसे होते. "मी वर काय दाखवू? पैसे खर्च झाले आणि फिल्म नाही? बाईनं सांगितलं नाही म्हणून?"

"मी फेडीन," माझ्या तोंडून गेलं. मला मजुरी तेव्हा दिवसाला तीस-पस्तीस रुपये मिळायची.

ताईंनी खर्चाची वही ओढून आकडे मांडले. मग त्यांनी सांगितलं तेच पुढं झालं. मी त्यांच्यासाठी पटकथा लिहायच्या, एकीचे तीनशे रुपये मानधन, आणि ते मला न देता कापून घ्यायचे. कॅसेट त्यांनी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. माझ्या नजरेसमोर नको."

दुसऱ्या दिवशी मी ती पदराखाली घेऊन सुमनच्या रानात गेले. शाळू हुरड्याला आला होता आणि ती पाखरं हाकत होती. मी सगळं सांगितलं. उखाण्याचंसुद्धा. ती ऐकत होती तेव्हा गोफण तिच्या हातात लोंबत होती.

"आत्याबाईंना कळलं?"

"कुणालाच न्हाई. ही एकच कॅसेट."

"म्या तुला कांदं लावताना सांगितलं," ती म्हणाली. "तितंच पुरायचं व्हतं त्ये." मग म्हणाली, "तुझ्या बापानं तुला चवथीपातूर धाडली त्येच चुकलं."

तिनं कॅसेट हातात घेतली, दगडावर आपटून फोडली आणि आतली फीत ओढून काढायला लागली. ओढता ओढता ती बांधाकडे गेली, एक टोक बाभळीला बांधलं आणि शाळूच्या डोक्यावरून दुसऱ्या बांधापर्यंत नेलं. परत आली, परत नेलं. पाखरांसाठी अशी फीत सगळेच बांधतात. वाऱ्यावर ती चमकते आणि भुंग्यासारखी वाजते. तेवढ्यात तिची सासू भाकरी घेऊन आली, अनवाणी.

"ह्ये कुठनं आणलंस गं?"

"हिनं दिलं," सुमन म्हणाली.

"बरं झालं बाई," सासू मला म्हणाली. "पाखरांनी लई जीव खाल्ला व्हता."

त्या दिवसापासून सुमन माझ्याशी बोलली नाही. पुढच्या लागणीला ती दुसऱ्या सावडीत गेली. बायकांनी विचारलं तर ती म्हणाली, "त्यांचं रान लांब पडतं." आमच्या दोघींच्या रानांमध्ये फक्त एक बांध होता.

मी लिहीत राहिले. पण पद्धत बदलली. वहीच्या पहिल्या पानावर मी 'हे कुणाचं' असं लिहायला लागले, आणि ज्या बाईचं असेल तिला वाचून दाखवल्याशिवाय ताईंना द्यायचं बंद केलं. यात वेळ जायचा. ताई कुरकुरायच्या. पश्चिमेकडे डोंगरात एका म्हाताऱ्या आजीवर लिहिलं होतं. भाताची खाचरं सगळ्यांनी मिळून बांधतात त्याबद्दल. तिच्या ओट्यावर बसून मी वाचत होते आणि ती नाचणी निवडत होती. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, की आजी डोंगराकडे बघून उसासा टाकते.

"ह्ये माझं न्हाई," आजी म्हणाली. "ह्ये तुझं."

"मग तुमी काय करता?"

"बघत बसाया येळ कुणाला? खाली बघतो आमी. पाय घसरतो."

तिनं असे तीन प्रसंग काढले. जे उरलं ते मी लिहिलेल्यातलं सगळ्यांत चांगलं आहे असं मला वाटतं, आणि त्यात माझं फारच थोडं आहे.

सगळे काही आजीसारखे नसायचे. जुन्नरकडच्या एका गावात तिथल्या पुढाऱ्यांना प्रत्येक प्रसंगात यायचं होतं. विषय होता बाळंतपण.

"भाऊ, बाळंतिणीच्या खोलीत तुमी कसं येणार?" मी पदराआडून विचारलं.

"आत कशाला? भाईर ओट्यावर येरझाऱ्या घालतो की. बाप गावाला गेलाय आसं दावा."

"लोक काय म्हनतील पण?"

"काय म्हनतील? पुढारी जागा हाय म्हनतील!"

सरांनी त्यांच्या येरझाऱ्या पाऊण तास काढल्या. नंतर जीपमध्ये बसल्यावर सांगितलं, की कॅमेऱ्यात कॅसेटच नव्हती. मी हसले, पण गाडी घाटाला लागल्यावर मला वाटलं, तो माणूस फिल्मच्या दिवशी सगळं घर घेऊन देवळात बसणार. तसंच झालं. तो पुढं पुन्हा कधी आमच्या गाडीजवळ आला नाही. अशा गोष्टी आता आठवतात तेव्हा बऱ्या वाटत नाहीत.

वर्षाला दोन, कधी तीन पटकथा व्हायच्या. घरी मी एवढंच सांगितलं होतं, की माझ्या चुकीनं एक फिल्म वाया गेली. मालक म्हणाले, "फुकट लिवण्यापरीस गवत कापलं असतंस तर म्हस तरी दुभती राहिली असती." पण पत्रिका मात्र तेच जमवून ठेवायचे. कुणाकडं लग्नाला गेले की जास्तीच्या दोन उचलून आणायचे.

दहा पटकथा झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी दूध घालायला गेल्यावर डेअरीवर मालकांनी सुमनच्या नवऱ्यापाशी हसत हसत सांगितलं, की आमची कारभारीण चार-पाच वर्षं बिनपगारी शिनेमे लिवती, तवा कुठली तरी एक कॅसेट बिघडली म्हणून. सुमनच्या नवऱ्यानं ते घरी जाऊन गंमत म्हणून सांगितलं. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच दिवशी दुपारी सुमन माझ्या अंगणात आली. मी कांदे निवडत होते. ती उभीच राहिली.

"खरं का त्ये?"

"काय?"

"पैशाचं."

मी मान हलवली.

"किती ऱ्हायलं?"

"एका पटकथेचं. तीनशे."

"आन् मला का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलत व्हतीस कुठं?"

ती खाली बसली. समोरचा ढीग ओढून घेतला आणि कांदे निवडायला लागली. चांगले एकीकडे, दुखावलेले एकीकडे. घरचं विचारायचं मला धाडस होईना. तिनंच सांगितलं. सासू आता थकली होती आणि तिनं सुनेच्या जागी बघून ठेवलेल्या मुलीचं लग्न नात्यातच दुसरीकडे होऊन गेलं होतं. थोरली पोर नववीत पहिली आली होती. तांबीचं घरात अजून कुणाला ठाऊक नव्हतं, एकदा बदलूनही झाली होती. हे सांगून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी काय ऐकलं न्हाई." त्यावर ती जरा हसली.

जाताना म्हणाली, "शेवटचं भरशील तवा मला सांग. मला बी यायचंय."

अकरावी पटकथा मी कांदा निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीवर लिहिली. सगळ्या बायकांना एकत्र बसवून वाचून दाखवली. त्यांनी भांडून भांडून तिची पार वेगळीच गोष्ट केली. ताईंना ती पसंत पडली.

आम्ही दोघी बाजाराच्या दिवशी एसटीनं मंचरला गेलो. सुमन इस्त्रीचं लुगडं नेसली होती. संस्थेच्या खोलीत ताई एकट्याच होत्या.

"ह्या कोण?" त्यांनी विचारलं.

"शेजारीण," मी म्हटलं. "बाजाराला आली."

ताईंनी पटकथा चाळली, पावतीपुस्तक काढलं आणि लिहायला लागल्या. सुमन दारापाशी उभी होती ती पुढं आली.

"काय लिवलं त्ये वाचून दावता का?"

ताईंनी माझं नाव वाचलं, तारीख वाचली. "मानधनातून रुपये तीनशे जमा. आजअखेर पूर्ण रक्कम फिटली."

"पुन्यांदा वाचा," सुमन म्हणाली.

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती उंच आहे, दारात वाकून आली होती. मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होते. काही न विचारता ताईंनी पावती पुन्हा उचलली आणि पहिल्यापासून वाचली, या वेळी सावकाश, एकेक शब्द सोडवून. आजअखेर पूर्ण रक्कम फिटली. बाकी काही नाही.